दोन जावा आणि सावकाश श्रीलंका

खारशेतच्या बौद्धवाडीत केसर येलवेला अजूनही सगळे नर्सबाईच म्हणतात. ती आरोग्यसेविका होती. श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या मधल्या डोंगरातल्या वाड्यांवर लस पोचवायची, बाळंतिणींना बघायचं, तापाच्या गोळ्या वाटायच्या, हे तिचं काम. खांद्याला लसींची निळी पेटी आणि पेटीत बर्फ. बर्फ विरघळायच्या आत शेवटच्या वाडीवर पोचायला हवं, म्हणून केसर आयुष्यभर घाईतच चालली. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर मिनीडोअर रिक्षा, तीही नाही तर पायी. वाटेत कुणी "बाई, च्या तरी घ्या" म्हटलं की ती हात हलवून पुढे व्हायची. दिवेआगरच्या किनाऱ्याजवळून ती कितीदा गेली असेल, पण तिथल्या वाळूत ती एकदाही बसली नव्हती.

हे सगळं तिला जमलं ते चंदाबाईमुळे. चंदाबाई तिची थोरली जाऊ. चंदाबाईचा नवरा मुंबईला गोदीत होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. केसरचा नवरा रोह्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे केसरचा मुलगा निकेत वाढला तो चंदाबाईच्या कडेवरच. भाताचं शेत, दोन म्हशी, बागायतदाराकडे सुपारी सोलायचं काम आणि वर हे पोर, सगळं चंदाबाईने केलं. सून नोकरीला जाते म्हणून वाडीत कुजबुज झाली तेव्हा ती विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माजी जाव सरकारी मानूस हाय. तिच्या पोराचं मी बघतंय. तुमाला काय तरास?" त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

केसर तिला 'बाय' म्हणते. पुढे केसरचा नवराही वारला, निकेत नोकरीसाठी उलव्याला गेला, घरात या दोघीच उरल्या. तेव्हा केसर निवृत्त झालेली आणि चंदाबाई सत्तरी ओलांडलेली.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला विहारात एक भंतेजी आले होते. श्रीलंकेत राहून आलेले. अनुराधापुरच्या बोधिवृक्षाची माहिती त्यांनी सांगितली. सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बुद्धगयेच्या झाडाची फांदी तिकडे नेली, ती तिथे रुजली, ते झाड अजून उभं आहे. लोक पांढरे कपडे घालून येतात, फुलं वाहतात. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का. मागच्या रांगेतून चंदाबाईने हात वर केला. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण तिने विहारात कधी काही विचारलं नव्हतं.

"तिथं बसाया देतात?" ती म्हणाली.

काही बायका हसल्या. भंतेजी हसले नाहीत. "दिवसभर बसा, आजी," ते म्हणाले. "कुणी उठवत नाही."

चंदाबाईने मान डोलावली. घरी आल्यावर तिने तो विषय काढला नाही. पण केसरने तिला ओळखलं होतं. आयुष्यात या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आज तिने चार माणसांत हात वर केला होता.

योगायोगाने महिला मंडळाच्या अध्यक्ष भावना मोहिते यांनीही मनावर घेतलं. त्यांनी टूर काढणाऱ्या एका माणसाला वाडीत, केसरच्याच घरी बोलावलं. तो चकचकीत कागद घेऊन आला. रोज नवं शहर, रोज नवं हॉटेल, पहाटे बॅग दाराबाहेर, नाश्ता डब्यात, गाडी सुटली की थेट पुढचं ठिकाण. बायका खूश झाल्या. केसरने एकच प्रश्न विचारला, "बोधिवृक्षापाशी किती वेळ?"

"पाऊण तास देतो ना मॅडम. फोटोला भरपूर."

मग त्याची नजर चंदाबाईकडे गेली. ती भिंतीला धरून उठत होती. तिचे गुडघे कधीचेच कुरकुरत होते. तो खालच्या आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "या आजींना नाही झेपणार. एका माणसापायी सगळी गाडी अडते हो."

"मी चाय बघतंय," असं म्हणून चंदाबाई स्वयंपाकघराकडे वळली.

केसर उभी राहिली. "भावनाताई, आमची दोन नावं काढा," ती म्हणाली. "आम्ही जाऊ. पण आमच्या चालीने जाऊ."

निकेतला हे फोनवर कळलं तेव्हा तो शनिवारची सुट्टी टाकून आला. "आई, सीन समजून घे," तो म्हणाला. "फॉरेन कंट्री आहे. तुम्ही दोघीच. मोठ्या आईला काही झालं तर? मी दुसरा चांगला ग्रुप बघतो ना, तुम्हाला त्यात टाकतो, डन."

"टाकतो म्हणजे काय, आम्ही पोती आहोत?" केसर म्हणाली. "मी डोंगरात रात्री-अपरात्री बाळंतपणं केली आहेत. फोनवरून खोली ठरवायला मला काय होतंय?"

तिने श्रीलंकेचा मोठा नकाशा छापून आणायला लावला आणि तो माजघराच्या भिंतीवर चिकटवला. जिथे जायचं तिथे कपाळाची टिकली लावायची, अशी तिची पद्धत. पहिल्या आठवड्यात आठ टिकल्या लागल्या. कोलंबो, अनुराधापुर, पोलोन्नारुवा, सिगिरिया, कँडी, चहाचे मळे, आणखी कुठे कुठे. चंदाबाई भाकऱ्या थापता थापता बघायची आणि म्हणायची, "लय झाल्या गो. देवी आल्यागत दिसतंय."

केसरने ठरवलं की लंकेला जायच्या आधी घराजवळच चालून बघायचं. बायला कितपत झेपतं, कळेल तरी. म्हणून डिसेंबरात दोघी निघाल्या. दिघीपर्यंत एसटी, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांडा, मग मुरूडला दोन रात्री आणि नंतर अलिबाग. चंदाबाईने मुरूडच्या वाळूत पाय ठेवला आणि चपला हातात घेऊन ती पाण्याच्या कडेकडेने चालत राहिली. संध्याकाळी दोघींनी किनाऱ्यावर बसून भजी खाल्ली. "हितं आपन कदी आलूच न्हाय," चंदाबाई म्हणाली. "आपलाच जिल्हा हाय ना गो हा?"

"आपलाच," केसर म्हणाली. तिलाही नवलच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी अलिबागच्या स्टँडवर एसटीतून उतरताना चंदाबाई कोसळली. पायरीवरून खाली पाय टाकला आणि तशीच खाली बसली, डोळे पांढरे. केसरने तिला तिथेच आडवं केलं, पाय उचलून धरले, रिक्षा बोलावली. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात पाणीच नाही. आजींनी काल दुपारपासून पाणी प्यायलेलं दिसत नाही.

केसर खाटेशेजारी बसली. "बाय, पाणी का नाही प्यालीस?"

चंदाबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडे बघतच म्हणाली, "गाडीत लागली तर? आता मला दम धरवत न्हाय. सगळ्या गाडीसमोर कुनाला सांगू?"

"कधीपासून होतंय हे?"

"झाली चार-पाच वर्सं."

"आणि मला बोलली नाहीस? मी नर्स आहे ना गं?"

"तू तरी काय करायचीस?" चंदाबाई आता तिच्याकडे वळली. "पेटी घेऊन निगालीस का पानी न्हाय पियाचीस. वाड्यांवर बायांना जायला जागा न्हाय, म्हनून. तूच सांगायचीस मला. मला वाटलं, बाहेर पडायचं तर आसंच पडायचं आसतं."

केसरला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. खरंच होतं ते. नोकरीत तिने हेच केलं होतं, तिच्या सगळ्या मैत्रिणींनी हेच केलं होतं. हजार बायकांना तिने विचारलं असेल, लघवीला त्रास होतो का, जळजळ होते का. घरातल्या बाईला विचारायचं राहून गेलं होतं.

"बरं, एक सांग," ती म्हणाली. "जायचं आहे ना तुला? की माझ्यासाठी हो म्हणतेस?"

"जायाचंय," चंदाबाई म्हणाली. सलाईनचा हात सांभाळत ती जरा उठून बसली. "मला त्या झाडाखाली बसायचंय."

तिथून पुढे प्रवासाची आखणी वेगळ्याच अंगाने सुरू झाली. पहिलं काम डॉक्टरचं. तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले व्यायाम केसर रोज सकाळी करून घेऊ लागली. दुसरं काम नकाशाचं. केसरने स्टूलावर चढून टिकल्या काढायला सुरुवात केली. पोलोन्नारुवा गेलं. चहाचे मळे गेले. कोलंबोही गेलं. निकेत व्हिडिओ कॉलवर बघत होता, तो ओरडला, "आई, सिगिरिया काढलंस? लोक त्याच्यासाठीच जातात तिकडे!"

"लोकांचे गुडघे जातात. बायचे नाही जात," केसर म्हणाली आणि तीही टिकली काढली.

पुत्तलमची एक नवी लागली, अशा शेवटी पाच उरल्या. विमानतळाजवळचं नेगोंबो, मग पुत्तलम, अनुराधापुर, कँडी आणि खाली दक्षिणेला समुद्रकाठचं गॉल. एका गावात दोन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही. अनुराधापुरात सगळ्यांत जास्त. पुत्तलमला बघायला फारसं काही नाही, असं निकेत म्हणाला. ते तिला माहीत होतं. तिथे गाडीतून उतरून पाय मोकळे करता येणार होते, तेवढंच तिला हवं होतं.

राहण्यासाठी तिने हॉटेलं घेतली नाहीत, घरगुती खोल्या घेतल्या. आणि प्रत्येक ठिकाणी आधी व्हिडिओ कॉल करून मालकाला सांगायची, आधी बाथरूम दाखवा. तिचं इंग्रजी सरकारी नोंदवह्यांतलं. त्यात नाजूकपणा नव्हता, पण समोरच्याला कळायचं. कमोड आहे का, धरायला काही आहे का, फरशी ओली राहते का, रात्री दिवा लागतो का. गॉलचा एक मालक समुद्र दाखवत राहिला. केसर म्हणाली, समुद्र आमच्याकडे आहे, तुम्ही संडास दाखवा. अनुराधापुरच्या पद्मा नावाच्या बाईंनी मात्र न विचारता सगळं दाखवलं. त्यांची स्वतःची आई तशीच होती. त्यांनी बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं कबूल केलं आणि ओळखीचा गाडीवालाही मिळवून दिला, नुवान नावाचा.

पद्माबाईंनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी चंदाबाईला एक सिंहली शब्द शिकवला. नवत्तन्न. म्हणजे थांबवा. केसरने सगळ्यांना बजावलं होतं की गाडीत शेवटचा शब्द बायचा. तिने थांब म्हटलं की गाडी थांबणार, कारण कुणी विचारायचं नाही. चंदाबाई तांदूळ निवडताना तो शब्द घोकायची. म्हशीवरही तो एक-दोनदा चालवून बघितला.

फेब्रुवारीत निकेतने दोघींना मुंबई विमानतळावर सोडलं. चंदाबाईने पांढरी साडी, वर स्वेटर आणि पायात निकेतने आणलेले जाड तळव्याचे बूट घातले होते. आत जाण्याआधी तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. निकेत तिथेच काचेबाहेर बराच वेळ उभा राहिला. नंतर त्याने ऑफिसातल्या मित्रांना दोघींचा पाठमोरा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "माझ्या दोन्ही आया."

नेगोंबोला पहिला दिवस त्या नुसत्या झोपल्या. पुत्तलमच्या वाटेवर चंदाबाईने पहिल्यांदा हाक दिली, पण इतकी हळू की नुवानला ऐकू गेली नाही. केसर काही बोलली नाही, मुद्दामच. चंदाबाईने घसा खाकरला आणि या वेळी शेतातून हाक मारावी तशी मारली, "नवत्तन्न!" नुवानने गाडी बाजूला घेतली, एका चहावाल्याशी बोलला आणि चंदाबाईला मागच्या बाजूची जागा मिळाली. परत आल्यावर ती सीटवर टेकली, बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्याली. केसरने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या बाटलीतलं पाणीही संपवलं.

पुढे मिठागरं लागली. चौकोनी वाफे, पांढरे ढीग. चंदाबाईने पुन्हा गाडी थांबवली. या वेळी तिला काही लागली नव्हती. "ह्ये आपल्या पेनकडचं वाटतंय गो," ती म्हणाली, आणि बांधावर उभी राहून मनसोक्त बघत राहिली. नुवान बोनेटला टेकून उभा होता. त्यालाही घाई नव्हती.

अनुराधापुरात पद्माबाईंनी दोघींना कमळं आणून दिली आणि ते स्टूलही बरोबर घ्यायला लावलं. सकाळी ऊन चढायच्या आत त्या बोधिवृक्षापाशी गेल्या. उंच चौथऱ्यावर झाड, भोवती सोनेरी कठडा, फांद्यांना दिलेले आधार. खाली वाळूत पांढऱ्या कपड्यातली माणसं बसलेली. चंदाबाईने फुलं वाहिली, हात जोडले आणि एका भिंतीच्या सावलीत स्टूल टाकून ती बसली. केसर तिच्या पायाशी वाळूत बसली.

शेजारी चार-पाच सिंहली बायका होत्या. त्यांच्या बोलण्यातला एक शब्द कळत नव्हता. मग त्यांनी हात जोडून वंदना सुरू केली. चंदाबाईची मान एकदम वर झाली. त्रिशरण होतं ते. तेच शब्द, तीच पाली, लहानपणापासून विहारात म्हटलेली. फक्त चाल जरा वेगळी.

"अगो केसर!" ती म्हणाली. "यांना आपलं येतं!"

आणि तिने आवाज मिळवला. पहिल्यांदा चालीत अडखळली, मग जमली. सिंहली बायकांतली एक म्हातारी हसून तिच्याजवळ सरकली आणि पंचशीलापर्यंत दोघींचे आवाज एक झाले. केसर मात्र नुसती तिच्याकडे बघत राहिली. या बाईच्या वडिलांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिलं नव्हतं. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, आणि त्यांची ही लेक आज समुद्रापलीकडे अनोळखी माणसांत बसून, मोठ्याने, घरच्यासारखी वंदना म्हणत होती. केसरला तिचा इतका अभिमान वाटला की तिला वाटलं, कुणाला तरी हाक मारून सांगावं, ही माझी जाऊ आहे.

दुपारकडे मराठी बोलणाऱ्या लोकांचा एक घोळका आला. पुढे झेंडी घेतलेला माणूस. त्यांतली एक बाई चंदाबाईची साडी बघून थांबली.

"तुम्ही कुठल्या?"

"रायगडच्या," चंदाबाई म्हणाली.

"कधी आलात?"

"सकाळच्याला."

"म्हणजे? तेव्हापासून इथेच बसलात?"

"उद्यापन येनार हाय," चंदाबाई म्हणाली. झेंडीवाल्याने हाक मारली आणि ती बाई मागे बघत बघत निघून गेली.

त्या दुसऱ्या दिवशीही गेल्या, आणि तिसऱ्याही. सिंहली म्हातारी रोज यायची आणि चंदाबाईसाठी जागा धरून ठेवायची. दोघी एकमेकींशी काय बोलायच्या ते केसरला शेवटपर्यंत कळलं नाही, पण बोलायच्या खूप.

कँडीत बुद्धांच्या दंतधातूच्या विहाराबाहेर एक पानवाली बसली होती. चंदाबाईने तिची सुपारी उचलली, नखाने खरवडली, वास घेतला आणि जाहीर केलं की वाईट नाही, पण श्रीवर्धनची ती श्रीवर्धनची. आपल्या चंचीतली सुपारी काढून तिने पानवालीला दिली. पानवालीने ती चघळली, डोळे मोठे केले आणि पानाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. गॉलला पोचेपर्यंत चंदाबाईला गाडी थांबवायची इतकी सवय झाली होती की माकड दिसलं तरी नवत्तन्न आणि शहाळी दिसली तरी नवत्तन्न. केसर रोज संध्याकाळी निकेतला फोन करायची. "आज काय बघितलं?" तो विचारायचा. "आज एक तळं बघितलं," ती सांगायची. "आणि?" "आणि काही नाही. दिवसभर तेच बघितलं."

परत आल्यावर पहिल्या रविवारी विहारात दोघींचा सत्कार ठेवला. भावनाताईंचा ग्रुपही तोवर जाऊन आला होता. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की पुष्कळ ठिकाणं पाहिली, पण आता कुठलं कोणतं ते आठवत नाही. मग त्यांनी केसरला बोलायला बोलावलं. केसर उठली, माईक घेतला आणि तो चंदाबाईच्या हातात दिला.

"मी न्हाय गो," चंदाबाई पुटपुटली.

"बोल बाय. तूच गेली होतीस."

चंदाबाईने माईक दोन्ही हातांनी धरला. आधी झाडाचं सांगितलं, मग त्या म्हातारीचं. मिठागरांचं सांगितलं. अलिबागच्या स्टँडवर आपण का पडलो तेही सांगितलं, अगदी सरळ. बसलेल्या बायकांत चुळबुळ झाली, मग दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. चंदाबाई त्यांच्याकडे बघूनच बोलत होती. गोळी मिळते, व्यायाम असतो, लाजून घरात बसायचं नाही, पाणी प्यायचं. केसर भिंतीला टेकून ऐकत होती. उपकेंद्रात वर्षानुवर्षं तिने हेच सांगितलं होतं, पण बायका अशा कान देऊन तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

जेवणाची वेळ झाली. बाहेर पत्रावळी मांडल्या गेल्या. भावनाताईंनी हळूच पुढे होऊन माईकला हात घातला आणि म्हणाल्या, "चंदाबाई, छान सांगितलंत. आता आपण सगळे..."

चंदाबाईने माईक सोडला नाही.

"बस जरा, भावना," ती म्हणाली. "माजं अजून कँडीच झालंय."